आठाचा नऊ

आठाला दोन पोटं.
खालच्या पोटाची डावी बाजू
कलमाच्या टोकाने खरवडायची, केसाएवढी,
की उरतो नऊ.
एवढंच.
अडतीसचा रुपया एकोणचाळीसचा होतो
आणि भाच्याच्या फोनवर
त्याच्या किमतीला शून्यं फुटतात.

मी जयवंत रायकर, म्हापशाचा शेट.
याच पाटावर वडिलांनी
तांदळाएवढ्या कळ्या घडवल्या सोन्याच्या.
आता लग्नाचं सगळं काचेच्या शोरूममधून येतं.
माझ्याकडे तुटलेल्या साखळ्या,
आणि शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, साईश.

तो पुडी सोडतो.
पदकातून उपटलेली नाणी, कडेला डागाचा फोड;
पोर्तुगिजांचे तांगे, राजाच्या गालावर ओरखडे.
एकाला भोक.

ओरखडे चोळून जातात,
पण मग नाणं पांढरंफटक दिसतं,
तापातून उठल्यासारखं.
म्हणून उकडलेल्या अंड्याच्या बलकाशेजारी
डब्यात झाकून ठेवायचं रात्रभर.
सकाळी त्याच्यावर जांभळी-निळी झाक,
सत्तर वर्षं पेटीत निजल्याची.
बायकोने त्या डब्यावर खिळ्याने फुली मारली आहे.

फोटो साईश काढतो, उजेडाकडे पाठ करून.
खाली लिहितो: आजोबांच्या संग्रहातून.
कुणाचे आजोबा, ते नाही लिहीत.
माझे वडील, म्हणजे त्याचे आजोबा,
नाणी साठवत नव्हते,
वितळवत होते.

पार्सलं जातात कुठे कुठे. तिनसुकिया, जळगाव.
अकोल्याच्या एका निवृत्त मास्तरांचा निरोप आला:
नऊच्या शेपटीखाली जमीन खरवडलेली दिसते.
पैसे परत नकोत. एवढंच कळवा,
हाताने केलंत की यंत्राने?
हात असेल तर चांगला आहे.

साईशने त्यांना ब्लॉक केलं.
मी त्या दिवशी जेवायला उशिरा गेलो.
चाळीस वर्षांत माझ्या हाताबद्दल
इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

मागच्या महिन्यात पर्र्याचा एक पोरगा आला, रेन्सन,
आजोबांच्या जन्माचा दाखला घेऊन.
जानेवारी बासष्ट.
त्याला एकसष्ट हवं होतं.
चुलतभाऊ सगळे स्विंडनला पोचलेत,
हा एका आकड्यासाठी इथे.
शेट, दोनाचा एक. तुम्हाला काय जड?
म्हटलं, बाबा, कागदाला जाडी नसते,
खरवडला की पलीकडचं दिसतं.
तो हसला नाही.
दाखला चष्म्याच्या डबीत घालता घालता म्हणाला,
मग नाण्याच्या पलीकडे काय असतं?
राजा, म्हटलं.
मान वळवून बसलेला.

भोकाचं नाणं अजून पाटावरच आहे.
साईश म्हणतो, चांदीचा थेंब घाल,
वर रेघा कोर, फोटोत कुणाला कळतंय.
भोक एका अंगाला लांबट झालंय,
दोरा रोज त्याच बाजूला ओढल्यासारखं.
कडेला दोन बारीक खळगे.
दात असतील. नसतीलही.
साल पार पुसलंय,
म्हणजे हवं ते घालता येईल.
हे आधी माझ्याच मनात आलं,
साईशच्या नाही.

आज शुक्रवार.
बाहेर मिरच्यांचा ठसका, चवरीसांच्या माळा,
पोदेराच्या सायकलचा पों पों.
मुशीत थेंब तयार आहे, गरगर फिरतोय.
मी नाणं चिमट्यात धरून डोळ्याशी नेतो.
भोकातून गल्लीचा तुकडा दिसतो,
अर्धा नारळवाला,
आणि साईशची स्कूटर
वळणावर, इकडे येताना.